यंत्राचे घोडे कसे मोजतात?



मोटारीच्या इंजिनाची शक्ती कशी मोजतात, हा आजचा आमचा विषय. सिंदफणेकाठच्या या शिरूर कासारात मोटारी तयार होत नाहीत. मग हा विषय येथे कशाला, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की मोटारी येथे तयार होत नसल्या तरी विकत घेतल्या जातात, आणि ट्रॅक्टर तर बहुधा कर्ज काढून घेतले जातात. माहितीपत्रकावर अश्वशक्तीचा आकडा असतो. त्या आकड्यावर किंमत चढते आणि किमतीवर हप्ता. कापूस वजनाला लावला की आपण काट्यावरून नजर हलू देत नाही. मग लाखो रुपयांच्या या वस्तूचे माप कोण घेतो आणि कसे घेतो, हे आपल्याला कळायला नको काय?

प्रथम शक्ती म्हणजे काय ते पाहू. ज्यांनी मोट पाहिली आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. समजा, मोटेत दीडशे लिटर पाणी मावते, विहिरीचे पाणी दहा मीटर खोल आहे आणि बैलजोडी मिनिटाला एक मोट ओढते. दीडशे किलो वजन दहा मीटर वर आले, हे काम झाले. ते किती वेळात आले, यावर शक्ती ठरते. येथे सेकंदाला २५ किलोग्रॅम-मीटर काम होते. ७५ किलोग्रॅम-मीटर म्हणजे एक मेट्रिक अश्वशक्ती. तेव्हा पाणी उपसण्यात या जोडीची शक्ती सरासरी एक तृतीयांश अश्वशक्ती लागली. थकलेली जोडीही तेवढेच पाणी काढील, पण वेळ जास्त घेईल. काम तेच, शक्ती मात्र कमी.

यात घोडा आला तो जेम्स वॅटमुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो वाफेची इंजिने विकू लागला, तेव्हा गिऱ्हाइकाला एकच गोष्ट हवी होती : हे यंत्र माझे किती घोडे वाचवील? वॅटने हिशेब मांडून एका घोड्याला मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम लावून दिले. म्हणजे अश्वशक्ती हे माप मुळात बाजारातच जन्मले, हे आपण ध्यानात ठेवू.

इंजिन मोट ओढत नाही, ते दांडा फिरवते. फिरत्या दांड्याचा जोर कसा तोलायचा? १८२१ साली प्रोनी नावाच्या फ्रेंच इंजिनिअराने एक साधी युक्ती काढली. फिरत्या चाकाला लाकडी ठोकळ्यांनी आवळायचे आणि त्या ठोकळ्यांना एक लांब दांडी जोडायची. चाक दांडीला आपल्याबरोबर फिरवू पाहते. दांडीच्या टोकाचा काटा तिला अडवतो. दांडी एक मीटर लांब आहे, काटा दहा किलो दाखवतो आणि चाक मिनिटाला पंधराशे फेरे घेते, असे समजा. गणित केले की सुमारे २१ मेट्रिक अश्वशक्ती येते. डायनामोमीटर तो हाच : इंजिनाला अडवायचे, आणि अडवायला किती जोर लागला ते काट्यावर वाचायचे.

मात्र अडवलेली सारी शक्ती उष्णता होते, आणि मोठ्या इंजिनापुढे लाकूड जळू लागते. म्हणून १८७७ साली विल्यम फ्राउड याने जहाजांच्या इंजिनांसाठी ठोकळ्यांऐवजी पाणी वापरले. पुढे विजेच्या साहाय्याने अडवणारी यंत्रे आली. तत्त्व मात्र प्रोनीचेच राहिले.

आपल्या महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या वेताळ टेकडीवर चालते. तेथील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ साली स्थापन झाली. शेजारच्या अहिल्यानगरला, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरला, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. इंजिन चाचणीच्या बैठकीवर बसवतात, थ्रॉटल पूर्ण उघडतात, आणि फेरे टप्प्याटप्प्याने बदलत प्रत्येक टप्प्याला जोर मोजतात.

एवढे असूनही एकाच इंजिनाचे आकडे वेगवेगळे कसे निघतात? याची कारणे चार.

पहिले, माप कोठे घेतले. इंजिनाच्या दांड्यावर घेतलेली शक्ती गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि टायर यांतून चाकापर्यंत येताना साधारण दहा ते वीस टक्के घटते.

दुसरे, काय जोडून माप घेतले. अमेरिकेत पूर्वी पंखा, सायलेन्सर वगैरे काढून उघडे इंजिन मोजत. १९७२ पासून सर्व जोडून मोजू लागले. कॅडिलॅकच्या ८.२ लिटर इंजिनाची १९७१ ची ३६५ अश्वशक्ती १९७२ साली २३५ छापली गेली. बदलले ते मुख्यतः माप.

तिसरे, हवा. तापलेली किंवा उंचावरची हवा विरळ असते, त्यामुळे टर्बोचार्जर नसलेले इंजिन कमी जोर देते. म्हणून आकडा २५ अंश सेल्सिअस आणि ठरावीक हवादाब यांवर आणून सांगतात. वैशाखातल्या आपल्या रस्त्यावर तो भरून मिळेल, ही आशा धरू नये.

चौथे, एकक. ६० किलोवॅट म्हणजे मेट्रिक ८१.६ आणि ब्रिटिश ८०.५ अश्वशक्ती. विक्रेता कोणता आकडा मोठ्या अक्षरात छापील, ते सांगायला नको.

मापाचे यंत्र प्रामाणिक असले, तरी मापाला येणारा तसा असतोच असे नाही. २०१५ साली उघड झाले की फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारींत अशी व्यवस्था होती की गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे ती ओळखी आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवी. रस्त्यावर मात्र विषारी वायू कितीतरी अधिक सोडी. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा हा प्रश्न होता. पुण्याच्या संस्थेने तपास केल्यावर भारतातल्याही सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे कंपनीने जाहीर केले. तेथे खोट काट्यात नव्हती. परीक्षक समोर असताना एक आणि पाठ फिरताच दुसरे, ही खोट माणसाची होती, आणि ती पकडली गेली रस्त्यावर केलेल्या मोजणीने.

आता आपल्या व्यवहाराकडे येऊ. ट्रॅक्टर घेताना पत्रकावरची इंजिनाची अश्वशक्ती एक असते, आणि रोटाव्हेटर वा थ्रेशर ज्यावर चालतो त्या पी.टी.ओ. शाफ्टवर मिळणारी वेगळी, नेहमीच कमी. मध्य प्रदेशात बुदनी येथे सरकारी संस्था ट्रॅक्टर तपासते, आणि तिच्या अहवालात पी.टी.ओ.ची शक्ती आणि डिझेलचा खप ही दोन्ही असतात. विक्रेत्याकडे तो अहवाल मागावा. आपल्याला कळत नसेल तर शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांना दाखवावा. त्यात कमीपणा नाही. न विचारता सही करण्यात मात्र नुकसान आहे, आणि ते पाच-सात वर्षे हप्त्याहप्त्याने फेडावे लागते.

म्हणून ‘घोडे किती?’ एवढेच विचारून थांबू नका. कोठे मोजले, काय जोडून मोजले आणि कोणी मोजले, हेही विचारा. विचारणारे गिऱ्हाईक गावात वाढले की विकणाऱ्याचे आकडे आपोआप सरळ होतात.