सुकाणूमागचे गणित



या भाषणाचा विषय ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. गाडीचे स्टिअरिंग आणि गणित यांचा संबंध काय? आमच्या घरात बापजाद्यांपासून गाड्या चालतात, कोणी समीकरण मांडून वळण घेतले नाही, असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. पण मुलगा नववीत गणितात मागे पडला की आपल्या घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "जाऊ द्या सर, गाडी शिकेल, ड्रायव्हर होईल, त्याला टॅन-बिन कशाला?" (मुलीच्या बाबतीत तेवढेही कोणी बोलत नाही. तिचे गणित मुकाट्याने सुटते.) या वाक्याचा समाचार मी आज उदाहरणे सोडवून घेणार आहे. मी बी.ए., बी.एड. झालेला शाळामास्तर आहे, इंजिनिअर नव्हे. तेव्हा दहावीच्या पुस्तकापलीकडचे गणित मी वापरणार नाही, याची खात्री बाळगा.

सुरुवात समुद्रावरून करू. 'सुकाणू' हा मराठी शब्द मुळात अरबी 'सुक्कान'. दर्यावर्दी लोकांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि इथलाच झाला. आपल्या कोकणातील कित्येक घरांतली माणसे मुंबई बंदरातून बोटीवर गेली. कोणी सारंग, कोणी टंडेल, तर कोणी सुकाणी. सुकाणी म्हणजे होकायंत्राकडे नजर ठेवून चक्र हातात धरणारा. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी हे काम केले असेल, तर त्यांना विचारून पाहा : बोट ठरलेल्या दिशेपासून उजवीकडे सरकली, तर तुम्ही काय करता? "डावीकडे सुकाणू देतो," एवढ्यावर ते थांबणार नाहीत. "आणि बोट परत येऊ लागली की ती रेषेवर येण्याआधीच सुकाणू उलटे देतो," हेही ते सांगतील.

हे 'आधीच उलटे देणे' म्हणजे काय, याचे गणित निकोलस मिनोर्स्की या रशियात जन्मलेल्या इंजिनिअराने मांडले. १९१८ साली तो अमेरिकेत गेला, आणि १९२२ साली जहाजाचे सुकाणू आपोआप चालवण्याविषयीचा त्याचा लेख प्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये 'न्यू मेक्सिको' या युद्धनौकेवर त्याच्या यंत्राच्या चाचण्या झाल्या. त्याची विचार करण्याची रीत मला फार आवडते. आधी यंत्र बनवून मग ते माणसावर लादण्याऐवजी, मुरलेला सुकाणी काय करतो हे त्याने पाहिले आणि तेच समीकरणात उतरवले. सुकाणी तीन गोष्टी ध्यानात घेतो, असे त्याला दिसले. आता चूक किती आहे? ती किती वेगाने वाढते किंवा घटते आहे? आणि ती किती वेळ साचत आली आहे?

आता पाटी घ्या. समजा, बोट आपल्या दिशेपासून १० अंश उजवीकडे गेली आहे. एखाद्या नवशिक्याने नियम केला : जितकी चूक, तितके सुकाणू डावीकडे. चूक १०, सुकाणू १०. चूक ४, सुकाणू ४. चूक शून्य, सुकाणू शून्य. दिसायला नियम किती सरळ! पण हजारो टनांची बोट शून्यावर येते तेव्हा ती वळतच असते, थांबत नाही. ती रेषा ओलांडून डावीकडे जाते, तिथून पुन्हा उजवीकडे. नवशिका सायकलस्वार रस्ताभर नागमोडी जातो तो याच नियमाने.

आता दुसरे पद जोडू. चूक दर सेकंदाला जितकी घटते आहे, त्याची ८ पट सुकाणूतून वजा करायची. (८ हा आकडा मी उदाहरणापुरता घेतला आहे. खऱ्या बोटीला तो मोजून ठरवतात.) चूक सेकंदाला अर्धा अंश या दराने घटते आहे असे धरा. अर्ध्याची ८ पट ४. चूक १० असताना सुकाणू १० वजा ४, म्हणजे ६ अंश डावीकडे. चूक ४ असताना शून्य. आणि चूक अजून २ अंश शिल्लक असताना उत्तर येते उणे २, म्हणजे सुकाणू उजवीकडे! वर्गात 'उणे' हे चिन्ह आले की मुले तोंड वाकडे करतात. इथे ते उणे म्हणजे म्हाताऱ्या सुकाण्याचा अनुभव आहे.

तिसरे पद कशासाठी? समजा, डावीकडून सारखा वारा लागतो आहे आणि त्याला तोलून धरायला सुकाणू २ अंश डावीकडे ठेवावेच लागते. पण आपल्या नियमाप्रमाणे सुकाणू २ अंश राहायचे, तर चूकही २ अंश राहायला हवी. म्हणजे बोट जन्मभर २ अंश वाकडीच जाणार. म्हणून दर क्षणाची चूक एका खात्यात जमा करत जायची आणि त्या शिलकेच्या प्रमाणात थोडे सुकाणू अधिक द्यायचे. शिल्लक पुरेशी झाली की वाऱ्याचा भार ती उचलते आणि चूक शून्यावर येते. वाणसामानाची वही ठेवणाऱ्या घराला 'मागील बाकी' समजावून सांगायला नको.

मिनोर्स्कीचे यंत्र अमेरिकी नौदलाने त्या वेळी स्वीकारले नाही. खलाशांना ते रुचले नाही असे सांगतात, आणि मला त्यात नवल वाटत नाही. पण ही तीन पदे पुढे टिकली. आज कारखान्यातल्या भट्टीचे तापमान आणि जहाजाची दिशा एकाच जातीच्या समीकरणाने सांभाळली जाते.

आता समुद्रावरून रस्त्यावर येऊ. इथे दुसरीच अडचण उभी राहते. बोटीला सुकाणू एक, मोटारीला वळणारी चाके दोन. वळण घेताना आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, बाहेरचे मोठ्या. दोन्ही चाके सारखीच वळवली, तर एक चाक फरफटत जाईल. घोडागाडीच्या काळातच हे लक्षात आले होते. म्युनिकचा गाडीकारागीर लांकेनस्पेर्गर याने यावर जोडणी काढली आणि १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान याने तिचे पेटंट घेतले. नाव मात्र आकरमानचे राहिले. कारागिराच्या वाट्याला पुष्कळदा हेच येते.

गणिताला सोपे जावे म्हणून इंजिनिअर आणखी एक युक्ती करतात. पुढची दोन चाके मिटवून मधोमध एक, मागची दोन मिटवून मधोमध एक. राहते काय? सायकल! मोटारीच्या या गणिती प्रतिकृतीला, म्हणजे मॉडेलला, 'सायकल मॉडेल' असेच म्हणतात. त्याचे सूत्र पाहा :

टॅन (चाकाचा कोन) = पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ÷ वळणाची त्रिज्या

गाडीच्या चाकांतील अंतर २.५ मीटर, आणि मागचे चाक १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळावर न्यायचे आहे. टॅन आला ०.२५, कोन सुमारे १४ अंश. दहावीच्या त्रिकोणमितीतला तोच हा टॅन. त्याचा एक जुना जन्मही सांगतो. नवव्या शतकात बगदादला हबश अल-हासिब या गणितज्ञाने त्याची कोष्टके तयार केली, तेव्हा त्याला 'सावली' म्हणत. उभ्या काठीची सावली आणि सूर्याची उंची यांचे ते नाते होते. सावली मोजायला केलेले कोष्टक स्टिअरिंगला लागू पडते, कारण त्रिकोण दोन्हीकडे तोच.

या सूत्राने गाडी खरोखर चालते का? १३ मार्च २००४ रोजी अमेरिकेतील मोहावे वाळवंटात चालकाविना गाड्यांची शर्यत झाली. एकही गाडी शेवटास पोहोचली नाही. सर्वांत पुढे गेलेलीने जेमतेम १२ किलोमीटर गाठले. पुढच्याच वर्षी, ८ ऑक्टोबर २००५ रोजी सुरू झालेल्या शर्यतीत, पाच गाड्यांनी सुमारे २१२ किलोमीटरचा मार्ग पुरा केला. पहिली आली स्टॅनफर्ड विद्यापीठाची 'स्टॅनली'. तिला सात तासांहून थोडा कमी वेळ लागला आणि २० लाख डॉलरचे बक्षीस मिळाले. रस्ता ओळखण्याचे तिचे काम अवघड होते, त्यात मी शिरत नाही. पण ओळखलेल्या वाटेवर चाक किती वळवायचे, याचा तिचा मूळ नियम तुमच्या आवाक्यातला आहे. एक, गाडीचे तोंड वाटेशी जितक्या अंशांनी तिरपे असेल, तितके चाक वळवा. दोन, पुढचे चाक वाटेपासून बाजूला जितके मीटर असेल, त्याला एका ठरावीक गुणकाने गुणा, वेगाने भागा, आणि तो ज्याचा टॅन येईल तेवढा कोन त्यात मिळवा.

'वेगाने भागा' या दोन शब्दांवर थांबा. गुणक १ घेऊ. गाडी वाटेपासून अर्धा मीटर बाजूला आहे. वेग सेकंदाला ५ मीटर असेल, तर जादा कोन सुमारे ५.७ अंश. वेग १० मीटर झाला तर २.९. वेग २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, झाला तर अवघा १.४ अंश. वेगात चक्र हलके फिरवावे, हे उस्ताद आपल्या क्लीनरला पहिल्याच आठवड्यात सांगतो. त्याने भागाकार शिकवला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मात्र पालकहो, सूत्रावर आंधळा विश्वास ठेवा असे मी म्हणत नाही. वरचे सायकल मॉडेलचे सूत्र पुन्हा वाचा. त्यात वेग कुठे आहे? कुठेच नाही! १० मीटरच्या वळणाला १४ अंश, मग तुम्ही रांगत जा की सुसाट. चाक घसरतच नाही, असे या मॉडेलने गृहीत धरले आहे. वळणावर गाडीला धरून ठेवायला टायरने जी ओढ द्यावी लागते, ती वेगाच्या वर्गाला त्रिज्येने भागून मिळते. ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने, २५ भागिले १० म्हणजे २.५. ताशी ३६ ला, १०० भागिले १० म्हणजे १०. वेग दुप्पट, ओढ चौपट. कोरड्या डांबरावर साधा टायर ७-८ च्या आसपास हात टेकतो, आणि पावसात त्याच्याही बराच आधी. घाटातल्या आखूड वळणावर चक्र बरोबर १४ अंशांवर धरूनही गाडी दरीकडे जाते ती अशी. तिथे चाकाच्या कोनात चूक नव्हती. सूत्राने जे गृहीत धरले होते, तेच संपले होते.

याच फरकाचा उपयोग करून माणसे वाचवण्याची युक्तीही निघाली. १९९५ साली मर्सिडीझ गाडीत बॉश कंपनीची एक योजना आली. गाडीतला संगणक ड्रायव्हरचे चक्र पाहून, अशाच मॉडेलवरून, गाडी किती वेगाने वळायला हवी ते काढतो. एक उपकरण ती प्रत्यक्षात किती वेगाने वळते आहे ते मोजते. दोन आकडे जुळले नाहीत म्हणजे घसरण सुरू झाली. मग संगणक एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करू पाहतो. मॉडेल आणि रस्ता यांच्यातली वजाबाकी करून अपघात टाळायचा! गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आपल्या मुलांच्या हाती आता अशा गाड्या येतात. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा का लागला, हे ज्याला कळेल त्याच्याकडे गिऱ्हाईक जाईल, आणि ज्याला कळणार नाही तो तेल बदलत राहील. हे कडू आहे, पण पालकसभेत बोलायचे नाही तर कुठे?

आता विद्यार्थ्यांसाठी शेवटचे उदाहरण. हे मात्र मुलामुलींनी मैदानावर करूनच पाहावे. सायकलची दोन्ही चाके ओली करा, हँडल वळवून एकसारखे धरा आणि फरशीवर सावकाश एक फेरी घ्या. दोन ओल्या रेघा उमटतील. मागच्या चाकाची रेघ पुढच्या चाकाच्या रेघेच्या आत पडलेली दिसेल. किती आत, ते पायथागोरस सांगतो. वर्तुळाचा मध्य, मागचे चाक आणि पुढचे चाक यांचा काटकोन त्रिकोण होतो, काटकोन मागच्या चाकापाशी. चाकांतील अंतर १ मीटर आणि मागची त्रिज्या २.७५ मीटर असेल, तर पुढची त्रिज्या सुमारे २.९३ येते. फरक १८ सेंटिमीटर, एक वीतभर.

आता सायकलच्या जागी ट्रक ठेवा. चाकांतील अंतर ५ मीटर, मागची त्रिज्या १०. पुढची त्रिज्या १२५ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ११.१८ मीटर. फरक जवळजवळ १.२ मीटर. डावीकडे वळणाऱ्या ट्रकचे पुढचे चाक तुमच्यापासून हातभर लांबून गेले, म्हणून तुम्ही निर्धास्त उभे राहता किंवा सायकल तशीच पुढे रेटता. मागचे चाक त्याच वाटेने येत नाही. ते १.२ मीटर आतून, तुम्ही उभे आहात तिथूनच येते. ड्रायव्हर कितीही कसबी असला, तरी त्याच्या आरशात तो कोपरा नेहमी दिसत नाही. उद्या सकाळी शाळेत येताना नाक्यावर वळणारा ट्रक दिसला, तर दोन पावले मागे सरका आणि त्याची दोन्ही चाके कुठून जातात ते पाहा.