रस्ता, बाग आणि बसची रांग



2016 साली बंगळूरच्या रस्त्यांवर दोन लढे झाले. एप्रिलमध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या नव्या नियमांविरुद्ध तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रिया, होसूर रस्त्यावर उतरले. वाहतूक ठप्प झाली आणि केंद्र सरकारला ते नियम मागे घ्यावे लागले. ऑक्टोबरमध्ये बसवेश्वर चौक ते हेब्बाळ या नियोजित पोलादी उड्डाणपुलाविरुद्ध नागरिकांनी मानवी साखळी धरली. लांबी 6.7 कि.मी., खर्च 1,791 कोटी रुपये आणि 812 झाडांचा बळी, असा तो प्रकल्प होता. हरित लवादाने त्याला स्थगिती दिली. मार्च 2017 मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला.

दुसरा लढा मुख्यतः मध्यमवर्गाचा होता, हे खरे. म्हणून तो उपेक्षणीय ठरत नाही. हा पूल विमानतळाच्या वाटेवर होता. मोटारींची सोय हाच त्याचा हेतू होता. मात्र पूल अडला म्हणून बससाठी ताटकळणाऱ्या कामगाराचा एक मिनिटही वाचला नाही. झाडे वाचली, रांग तशीच राहिली. हरित चळवळीने आणि कामगार चळवळीनेही येथून विचारास प्रारंभ केला पाहिजे.

रस्ता काढून तेथे हिरवळ केली तर वाहने जातील कोठे, असा प्रश्न तज्ज्ञ म्हणविणारे विचारतात. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सेऊलमध्ये, त्याचे उत्तर मिळाले आहे. चंगग्येचन ओढ्यावर काँक्रीट टाकून, त्यावर उन्नत महामार्ग उभारण्यात आला होता. तेथून दररोज दीड लाखाहून अधिक वाहने जात. जुलै 2003 मध्ये तो पाडण्यास आरंभ झाला आणि ऑक्टोबर 2005 मध्ये 5.8 कि.मी. लांबीचा ओढा लोकांसाठी खुला झाला. शहर कोलमडले नाही. कारण उघड आहे: 2004 साली तेथील बससेवेची मुळापासून फेररचना झाली, रस्त्याच्या मध्यभागी बससाठी राखीव मार्ग आखले गेले. प्रशस्त रस्ता मोटारींना आमंत्रण देतो. तो नसला की पुष्कळ प्रवास मोटारीवाचूनही पार पडतात. पण या कहाणीचे दुसरे पानही वाचावे लागते. त्या महामार्गाखाली व आसपास पोट भरणारे फेरीवाले आणि लहान कारागीर तेथून हुसकले गेले; काठावरच्या जमिनींचे भाव चढले. हिरवळीलाही मालक असतात.

बंगळूरमध्ये असे धाडस झालेले नाही. लहान प्रयोग झाले. 1870 साली निर्माण झालेल्या कब्बन पार्कमधील रस्ते रविवारी वाहनांना बंद असतात. नोव्हेंबर 2020 पासून फेब्रुवारी 2021 पर्यंत चर्च स्ट्रीट शनिवार-रविवारी केवळ पादचाऱ्यांना देण्यात आली. प्रयोग स्तुत्य होते. पण चर्च स्ट्रीट ही दुकाने आणि उपाहारगृहांची गल्ली. पीन्याच्या कारखान्याकडे जाणारी वाट ती नव्हे. कामगाराच्या वाटेवरचा प्रयोग एकच, तो बाह्य वर्तुळ मार्गावरचा. के. आर. पुरम ते सिल्क बोर्ड या पट्ट्यात 2019 साली बससाठी स्वतंत्र मार्गिका आखली गेली. पुढे मेट्रोचे काम आले आणि ती मार्गिका नाहीशी झाली. जागा आटवायची वेळ आली की प्रथम बसचीच जागा आटते!

शहराची बससेवा दररोज सुमारे 40 लाख प्रवासी वाहते. जून 2023 पासून ‘शक्ती’ योजनेखाली कर्नाटकातील स्त्रियांना साध्या बसगाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळाला. कापड कारखान्यांतील कामगार स्त्रियांच्या तुटपुंज्या वेतनात ही सवलत क्षुल्लक नव्हे. परंतु तिकीट माफ झाले तरी त्याच कोंडीत बसही अडकते.

आणि शासनकर्त्यांचा उपाय कोणता? हेब्बाळ ते सिल्क बोर्ड सुमारे 17 कि.मी. लांबीचा, पथकराचा भुयारी रस्ता! दुचाकीस्वारांना त्यात प्रवेश नाही, अशी मूळ योजना. म्हणजे मोटार नसलेल्या बहुसंख्य नागरिकांनी वरच्या धुरातच राहावे. लालबागेच्या जमिनीवरून 2025 साली पुन्हा निदर्शने झाली, ती याच बोगद्यामुळे. त्याचा अंदाजी खर्च 17 हजार कोटींहून अधिक आहे. 148 कि.मी. लांबीच्या उपनगरी रेल्वेचा मूळ अंदाज होता 15,767 कोटी. जून 2022 मध्ये तिची पायाभरणी करताना पंतप्रधानांनी 40 महिन्यांची मुदत जाहीर केली होती. ती मुदत ऑक्टोबर 2025 मध्ये उलटली, तेव्हा त्या मार्गांवर एकही गाडी धावलेली नव्हती.