बाळाचं जेवण: आधी वाफाळतं, मग कोमट

 

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, फौजेतून निवृत्त झालेला माणूस बाळाच्या खिमटावर काय बोलणार? तर माझी नोकरी होती आर्मी सर्व्हिस कोरमध्ये, म्हणजे रसदीत. शिधा पोचवायचा, साठवायचा आणि तो खाऊन कुणाचं पोट बिघडू नये हे बघायचं, यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता माझ्याकडे एकाच शिपायाची रसद आहे. तो नऊ महिन्यांचा आहे, त्याला चार दात आहेत आणि जेवण यायला उशीर झाला तर तो कुणाचंही ऐकत नाही.

आमच्याकडे मुलगा-सून दोघंही सकाळी नोकरीला जातात. सूनबाई पहाटे उठून बाळाचं करून ठेवते आणि दुपारी भरवण्याचं काम आम्हा दोघांकडे. घरात मायक्रोवेव्ह नाही. घ्यायचा का, यावर चर्चा झाली. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं, लेकराला फ्रिजमधलं शिळं द्यायचंच कशाला? सूनबाईचं म्हणणं, रोज तीन वेळा ताजं कोण करणार? दोघींचंही बरोबर आहे. जमेल तेव्हा ताजं द्यावं, त्यासारखं काही नाही. पण ज्या घरात ते जमत नाही, तिथे आई वाईट ठरत नाही. तिथे फक्त नियम कडक लागतात. आज मी त्या नियमांबद्दल बोलणार आहे.

आधी मायक्रोवेव्हचा विषय संपवू. हे यंत्र मूळचं युद्धातलंच. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी मॅग्नेट्रॉन वापरत. त्यावर काम करणाऱ्या पर्सी स्पेन्सर या अमेरिकन अभियंत्याने ओळखलं की या लहरींनी अन्नही तापवता येतं आणि १९४५ साली पेटंटसाठी अर्ज केला. यंत्र सोयीचं आहे, पण त्यात अन्न सारखं तापत नाही. वाटीत एका जागी चटका बसेल इतकं गरम आणि शेजारी गार, असं होतं. म्हणून त्यातलं अन्नही ढवळावंच लागतं. तेव्हा ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह नाही त्यांनी आपण काही कमी करतोय असं मनात आणू नका. गॅस, पातेलं आणि पळी असली की काम होतं.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक घरांत काय होतं? बाळ कोमट खातं, म्हणून आपण अन्न कोमट होईपर्यंतच गरम करतो. वाटी गरम पाण्यात ठेवली, बोट लावून पाहिलं, झालं. हे चुकीचं आहे. कोमट करणं आणि गरम करणं ही दोन वेगळी कामं आहेत. जंतूंना वाढायला ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा आवडतो आणि कोमट म्हणजे बरोबर त्याच्या मधोमध. चांगली परिस्थिती मिळाली तर काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात. हिशेब करा, चार तासांत एकाचे चार हजार. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अन्न आतपर्यंत किमान ७० अंश तापवायला सांगते. उरलेलं अन्न पुन्हा गरम करताना अमेरिकेत ७४ अंश धरतात. घरात थर्मामीटर नसला तरी खूण सोपी आहे. फक्त कडेला बुडबुडे आले म्हणजे गरम झालं असं नाही. ढवळल्यावर मधोमध खदखदलं पाहिजे आणि चमचा बुडवून वर काढला की आतल्या घासातून वाफ निघाली पाहिजे. आधी असं वाफाळतं करायचं, मग निववून कोमट करायचं. क्रम उलटा नाही आणि मधली पायरी गाळायची नाही.

फौजेतलं एक उदाहरण देतो. म्हैसूरला १९६१ साली डिफेन्स फूड रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. तिथल्या संशोधनातून जवानांसाठी तयार जेवणाची बंद पाकिटं निघाली. पाकीट गरम पाण्यात टाका, उघडा, खा. बर्फात ते पुरेसं तापलं नाही तरी पोटाला धोका नसतो, कारण ते भरून बंद केल्यावर दाबाखाली शंभर अंशांच्या वर तापवून निर्जंतुक केलेलं असतं. तिथे गरम करणं हे चवीसाठी. आपली घरची खिचडी अशी निर्जंतुक नसते. तिला पळी लागलेली असते, हवा लागलेली असते, झाकण चार वेळा उघडलेलं असतं. म्हणून आपल्याकडे गरम करणं हे सुरक्षेसाठी.

आता पद्धती. आमच्या ओट्यावर तीन चालतात.

पहिली, थेट पातेल्यात. मऊ भात, मुगाची खिचडी, वरण, दलिया, पेज यांना हीच उत्तम. जाड बुडाचं छोटं पातेलं घ्या. बाळाला लागेल तेवढंच त्यात काढा. या वयाला एका वेळी साधारण अर्धी वाटी ते पाऊण वाटी पुरते. फ्रिजमध्ये भात-डाळ आळून घट्ट होते, म्हणून दोन-तीन चमचे उकळलेलं पाणी घाला, गुठळ्या मोडा, झाकण ठेवा आणि मंद आचेवर मधूनमधून ढवळा. मोठ्या आचेवर बूड करपतं आणि मध्य गारच राहतो. खदखदायला लागलं की आणखी एखादं मिनिट राहू द्या. तूप घालायचं असेल तर खाली उतरवल्यावर.

दुसरी, वाफेवर. लाल भोपळा, रताळं, गाजर, इडली यांसाठी. इडलीपात्रात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरमध्ये तळाशी पाणी उकळा, स्टीलच्या वाटीत पदार्थ पसरून ठेवा, वाटीवर ताटली झाका. गाठोड्यासारखा एक गोळा ठेवू नका, पसरून ठेवा, म्हणजे वाफ आतपर्यंत जाते. दहा मिनिटांनी कुस्करून मध्य बघा.

तिसरी, पाण्यातली वाटी. पातेल्यात पाणी उकळत ठेवायचं आणि त्यात स्टीलची वाटी. करपत नाही म्हणून पातळ पदार्थांना बरी, पण सगळ्यात सावकाश. पाणी शेवटपर्यंत उकळत राहिलं पाहिजे आणि वाटीतलं ढवळत राहिलं पाहिजे. गॅस बंद करून नुसत्या गरम पाण्यात वाटी बुडवून ठेवली तर अन्न कोमट होऊन थांबतं, म्हणजे आपण जंतूंना आंघोळीचं पाणी दिलं. फ्रिजमधली काचेची बाटली एकदम उकळत्या पाण्यात टाकू नका, तडकते. प्लास्टिकचा डबा तर आचेजवळ नकोच.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. काढून ठेवलेलं आईचं दूध कधीही आचेवर तापवायचं नाही, उकळायचं तर नाहीच. बाटली कोमट पाण्यात ठेवायची, हलक्या हाताने फिरवायची आणि दोन तासांत संपवायची. आईच्या दुधाला कोमट चालतं, शिजवलेल्या अन्नाला चालत नाही. हा फरक आमच्या फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे.

आता दुसरा गैरसमज. गरम केलं की सगळं मरतं. नाही मरत. भाताचंच बघा. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही टिकतात. भात ओट्यावर तसाच राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष तयार करतात. त्यातलं एक विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणजे जो भात दुपारी चार तास बाहेर राहिला, तो संध्याकाळी वाफाळता करून काही उपयोग नाही. गरम करण्याची लढाई खरं तर निववण्याच्या वेळीच जिंकायची असते.

आमच्या जबलपूरला मे महिन्यात पारा ४२-४३ च्या पुढे जातो. तुम्ही नागपूरला असा, अकोल्याला असा, उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. शिजवलेलं अन्न एरवी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, अशा दिवसांत एका तासात. पातेलंभर खिचडी तशीच ठेवली तर ती मध्यभागी तासन् तास ऊबदार राहते. म्हणून शिजल्याबरोबर छोट्या उथळ वाट्यांत वाटून टाका आणि त्या वाट्या गार पाण्याच्या परातीत ठेवा. वाफ गेली की झाकण लावून फ्रिजमध्ये. एक वाटी म्हणजे एक जेवण. त्यामुळे सगळं पातेलं पुन्हा पुन्हा बाहेर येत नाही. डाळ-भात आम्ही चोवीस तासांपलीकडे ठेवत नाही. गोठवलेलं असेल तर ते फ्रिजच्या खालच्या कप्प्यात रात्रभर सुटू द्या किंवा सरळ पातेल्यात टाका. ओट्यावर सुटायला ठेवू नका. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्याहून जास्त वेळ गेली तर बाळाचं अन्न टाकून द्या. आपण मोठ्यांनी काय करायचं ते आपण ठरवू.

आणि गरम करायचं ते एकदाच. बाळाने निम्मं खाल्लं आणि झोपलं, तर उरलेलं पुन्हा फ्रिजमध्ये जात नाही. इथे आपल्या घरचं जुनं शास्त्र कामाला येतं. आपल्याकडे उष्टं आणि खरकटं हे शब्द किती कडक आहेत बघा. बाळाच्या पहिल्या घासाच्या सोहळ्यालाच आपण उष्टावण म्हणतो. त्या उष्ट्याचा अर्थ आज असा सांगता येईल की तोंडातला चमचा वाटीत गेला की लाळेबरोबर जंतूही गेले आणि ते आता त्या ऊबदार अन्नावर वाढणार. म्हणून आमच्या सौभाग्यवतींचा उष्ट्याचा नियम घरात जसाच्या तसा ठेवला आहे. फक्त त्याला एक जोड दिली, आजी-आजोबांचं उष्टंही बाळाला नको. चव बघायची तर वेगळा चमचा. फुंकर मारून गार करायचं नाही. अन्न ताटलीत पसरा किंवा वाटी गार पाण्यात ठेवा, ढवळा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब टाकून बघा. चटका नाही, गारही नाही, म्हणजे तयार. जुन्या घरांत चांदीचं बोंडलं असतं. असू द्या, कौतुकाची वस्तू आहे. पण त्याची चोच आतून घासली जात नाही, तेव्हा रोजच्याला वाटी-चमचाच बरा.

प्रवासाचं विचारतात पुष्कळ जण. जबलपूरहून मुंबई-पुण्याकडे निघालं की रात्र गाडीत जाते. माझं मत, गाडीत अन्न गरम करण्याच्या भानगडीत पडूच नका. कोरडं न्या आणि तिथे बनवा. भाजलेलं नाचणीचं पीठ किंवा तांदूळ-मुगाचं भाजून दळलेलं पीठ घ्या. पूर्ण भाजलेलं हवं. थर्मासमध्ये उकळतं पाणी न्या, पेज दोन मिनिटांत होते. केळं तर सालीतच बंद आलेलं असतं. आमच्या शेजारच्या मंडला-दिंडोरी भागात गोंड आणि बैगा लोक कोदो-कुटकीची पातळ पेज करतात आणि तिला म्हणतातही पेजच, आपल्या कोकणातला शब्द. ज्या पदार्थाने एवढा मुलूख जोडला, तो एका रात्रीच्या प्रवासाला पुरेल. शिजवलेलंच न्यायचं असेल तर थर्मासमध्ये आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओता, मग खदखदतं अन्न भरा. उघडल्यावर चटका बसेल इतकं गरम असेल तरच द्यायचं. कोमट निघालं तर टाकायचं.

टाकायला जीव होत नाही, मला ठाऊक आहे. आपण अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणारी माणसं. पण अर्धी वाटी खिचडी आणि बाळाचे जुलाब यांत तोलायचं काय? लहान मुलांचे बळी घेणाऱ्या मोठ्या कारणांत जुलाब आजही आहेत. एवढ्याशा जिवात पाणीच किती असतं, ते भराभर कमी होतं. जुलाब सुरू झालेच तर ओआरएस सुरू करा, अंगावर पाजत असाल तर चालू ठेवा आणि डॉक्टरांना विचारून झिंक द्या. बाळ सुस्त झालं, डोळे खोल गेले, लघवी होईना किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरगुती उपाय नको, तडक दवाखाना.

लंगरमध्ये एक पद्धत असते. जवानांना वाढण्याआधी जबाबदार माणूस जेवण चाखून बघतो. हा मानाचा भाग नाही, जबाबदारीचा आहे. जे दुसऱ्याच्या पोटात जाणार, त्याची खात्री आधी कुणीतरी एकाने करायची. बाळ बोलत नाही, तक्रार लिहून देत नाही. त्याच्या वतीने ही खात्री घरातल्या एका माणसाने करायची. ती आई असेल, आजी असेल, आजोबा असतील, कामाला येणाऱ्या ताई असतील. जो भरवतो त्याला हे सगळे नियम माहीत हवेत, नुसत्या आईला नव्हे.

तेव्हा शेवटी लिहून घ्या. लवकर निववा. वाटीवाटीने ठेवा. एकदाच गरम करा, मधोमध खदखदेपर्यंत. मग कोमट करा. उरलं ते टाका. पाच ओळी आहेत, फ्रिजवर चिकटवा आणि घरातल्या आजोबांना वाचून दाखवा. निवृत्त माणसाला असं नेमून दिलेलं काम मनापासून आवडतं, हे मी अनुभवाने सांगतो.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.