टेकडीवरील धाव आणि मृगाचा किडा

(सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आरोग्य या विषयावर दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. मी डॉक्टर नाही आणि वक्ताही नाही. बी.कॉम. होऊन वडिलांच्या कापड दुकानात गादीवर बसलो, तो चाळीस वर्षे बसूनच राहिलो. म्हणून शास्त्र सांगण्याच्या भरीस न पडता, ज्या वेताळ टेकडीवर मी रविवारी पहाटे धावतो, तिच्याविषयी आणि तिथे मिळालेल्या एका धड्याविषयी बोलतो.

आपल्या पुण्याच्या मधोमध, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी. कॉलेजात होतो तेव्हा ती चालत जाण्याच्या अंतरावर होती. पण तिथे एकदाही पाऊल ठेवले नाही. वयाच्या ५६व्या वर्षी रक्तातील साखर वाढली आणि डॉक्टरांनी “शेठ, आता गादीवरून उठा” असे बजावले, तेव्हा टेकडीची आठवण झाली. पहिले वर्ष नुसते चालण्यात गेले. पुढे चढावर चालणे आणि सपाटीवर हळूहळू धावणे असा क्रम बसला.

माझा फेरा सुमारे सहा किलोमीटरचा. लॉ कॉलेजच्या बाजूने चढायचे, माथ्यावरील वेताळबाबाच्या मंदिरापर्यंत जायचे आणि जुन्या दगडखाणीच्या कडेने वळसा घालून परतायचे. वाट काळ्या पाषाणाची आणि सुट्या मुरुमाची. डांबरी रस्त्यावर माणूस विचारांत हरवूनही धावू शकतो. इथे मात्र समोरची तीन-चार हात जमीन न्याहाळल्याशिवाय पाऊल टाकले, की घसरलाच म्हणून समजा. उतारावर पावले आखूड ठेवावी लागतात. फेब्रुवारीत गिरिपुष्पाच्या निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरून जातात. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. वन विभागाने टेकड्या हिरव्या करण्यासाठी लावलेले. सालई, पळस, बहावा ही आपल्या मातीतली झाडे. पहाटे मोराची केका ऐकू आली, की दुकानातील उधारी-वसुलीचा विसर पडतो.

पण व्यापाऱ्याला हिशेब सुटत नाही. नातवाने वाढदिवसाला धावण्याचे घड्याळ भेट दिले आणि मी प्रत्येक रविवारची वेळ वहीत लिहू लागलो. ५८ मिनिटे, ५५ मिनिटे, ५२ मिनिटे. पन्नासाच्या आत फेरा पूर्ण करावयाचा, असा ध्यास लागला. तब्येत सुधारली होती, साखर आटोक्यात आली होती. त्याबरोबर अहंकारही बळावला होता, हे आज मोकळ्या मनाने कबूल करतो.

जून महिना होता. मृगाचा पहिला पाऊस आदल्या रात्री पडून गेला होता. नातू सोबत होता. मी घड्याळाकडे पाहत वेगाने उतरत होतो. मागून तो ओरडला, “आजोबा, थांबा! तुम्ही किड्यावर पाय दिलात.” मागे वळून पाहिले. ओल्या मातीत मृगाचा किडा चिरडला होता. त्याच्या आजूबाजूला आणखी दहा-बारा फिरत होते. चाळीस वर्षे मखमल हाताळली, पण तसा गर्द लाल रंग आणि तशी लव एकाही ठाणावर पाहिली नव्हती. एरवी हा जीव जमिनीत राहतो. पहिल्या पावसानंतर थोडे दिवस वर येतो. संस्कृतात त्याला इंद्रगोप म्हणतात. लहानपणी पाठशाळेत ‘जीवविचार’ पाठ केले होते. त्यातील त्रीन्द्रिय जीवांच्या यादीत हे नाव आहे. पाठांतराबद्दल मला बक्षीसही मिळाले होते. पण नाव पाठ असलेला जीव पायाखाली आला, तेव्हा मी घड्याळ पाहत होतो.

आपले साधु-साध्वीजी चातुर्मासात विहार थांबवून एका ठिकाणी का राहतात, हे मी अनेक व्याख्यानांत ऐकले होते. त्या सकाळी ते प्रथमच समजले. पावसाने जमीन जिवंत होते. ईर्यासमितीत समोरची तीन-चार हात जमीन पाहून चालावे असे सांगितले आहे. मीही तेवढीच जमीन पाहत होतो. परंतु माझी नजर स्वतःचा घोटा सांभाळण्यासाठी होती.

तेव्हापासून मृगापासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत मी टेकडीवर धावत नाही. चांगले उजाडल्यावर, रुंद वाटेने, सावकाश चालतो. या नियमाची किंमतही सांगितली पाहिजे. पहिल्याच वर्षी पावसाळ्यानंतर साखर पुन्हा वाढली आणि डॉक्टरांची बोलणी खावी लागली. आता त्या महिन्यांत रोज संध्याकाळी इमारतीचे जिने चढतो-उतरतो. त्यात मोराची केका नाही, गिरिपुष्पही नाही. पण साखर ताब्यात राहते. पूर्ण अहिंसा मला साधली आहे असा माझा दावा नाही. चालतानाही जीव मरतात. कमी मरावेत, एवढीच धडपड.

तरुण मित्रांना विनंती, की टेकडीवर जरूर धावा. मात्र मळलेली वाट सोडून आडवाटा पाडू नका. त्यामुळे मुरूम सुटतो आणि पावसात माती वाहून जाते. उन्हाळ्यात गवत वाळलेले असते, तेव्हा काडीपेटी खिशातून काढू नका. पाण्याची बाटली घेऊन जाल, ती परत आणा.

घड्याळ मी नातवाला परत दिले. वहीत शेवटची नोंद ५२ मिनिटांचीच आहे. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या रविवारी मी पुन्हा धावू लागतो, तेव्हा किती वेळ लागला हे मला ठाऊक नसते. ज्यांना सोबत यायचे असेल त्यांनी पहाटे यावे; वाटेत थांबण्याची तयारी मात्र ठेवावी.

बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छा मि दुक्कडम्. जय जिनेंद्र!