शिक्षा एकाला, भोग घरादाराला



आजचा विषय ऐकून एका गृहस्थांनी मला विचारलं, "गुन्हेगारांची तरफदारी करायला आलात काय?" नाही. मी बोलणार आहे ते कैद्याच्या बायकोविषयी, म्हाताऱ्या आईविषयी, चौथीतल्या पोरीविषयी. यांच्यावर कुठलंच कलम लागलेलं नाही.

माणूस भंडाऱ्याच्या जेलात असला, तर कामठ्याहून मुलाखतीला जाणं काय असतं पाहा. भल्या पहाटे गोंदिया गाठायचं, तिथून रेल्वेनं भंडारा रोड. हे स्टेशन वरठीला. शहर अजून लांब, म्हणजे पुन्हा ऑटो. पिशवीत आधार कार्ड, नवऱ्याचे कपडे आणि भावाकडून उसने आणलेले पैसे. नंबर लागेस्तोवर दुपार होते. बोलणं काही मिनिटांचं, त्यातलं अर्धं वकिलाच्या फीचं. रोवणीच्या दिवसांत मजुरी बुडते ती वेगळीच. आणि घरी परतल्यावर शेजारीण विचारते, "कुठी गेल्ती वं?" तिला सगळं ठाऊक असतं.

कैदी आणि घर यांच्यातलं हे अंतर मिटवायचा प्रयत्न पूर्वी झाला होता. औंध संस्थानानं १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची खुली वसाहत काढली. खुनाचे कैदी तिथं शेती करत, बायकापोरांसह राहत. त्यावरून गदिमांनी कथा लिहिली आणि १९५७ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'दो आँखें बारह हाथ' काढला. सिनेमा सगळ्यांनी डोक्यावर घेतला. कैद्याजवळ त्याचं घर असावं, हा विचार मात्र फार पुढं गेला नाही.

अलीकडे, १ मे २०२२ ला, येरवड्यात राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' योजना सुरू झाली. कैद्याला ५० हजारांपर्यंत कर्ज, व्याज ७ टक्के, फेड तुरुंगातल्या मजुरीतून. योजना चांगलीच आहे. पण मजुरी असते ती शिक्षा लागलेल्याला. देशातल्या दर चार कैद्यांमागे जवळपास तिघे कच्चे कैदी आहेत, नुसत्या पेशीची वाट पाहणारे. त्यांच्याकडून घराला दमडी येत नाही. उलट घरानंच कँटीनसाठी मनिऑर्डर धाडायची. माझ्या मते मदतीवर पहिला हक्क या घरांचा.

"ज्याचा माणूस मारला गेला, त्याच्या घराचं काय?" असं कुणी विचारेल. रास्त आहे, त्या घरालाही आधार द्यायलाच हवा. पण आरोपीची पोरगी शाळेतून काढल्यानं त्या घराच्या पदरात काय पडतं?

१९८७ च्या विधी सेवा कायद्यातल्या कलम १२ नुसार कोठडीतल्या माणसाला आणि कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न न विचारता. बालसंगोपन योजनेत पालक तुरुंगात असलेल्या मुलासाठी महिन्याला २,२५० रुपयांची तरतूद आहे. तरी वकिलाच्या फीसाठी धानाची बांधी गहाण पडतेच, कारण त्या बाईला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तेव्हा अंगणवाडीताई, गुरुजी, सरपंच, तुम्हाला हात जोडून विनंती आहे. असं घर तुमच्या वॉर्डात असेल, तर गोंदियाच्या महिला व बालविकास कार्यालयात त्या आईसोबत जा, अर्ज भरून द्या. आणि शेत गहाण टाकायच्या आधी तिला कोर्टातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात घेऊन जा.