वारा पडल्यावर

खळ्यावर ज्वारी उफणताना मध्येच वारा पडला तर काय होतं, हे आपल्या धाराशिवकरांना सांगायला नको. भरलेली पाटी हातात तशीच राहते आणि माणूस वाऱ्याची वाट बघत उभा राहतो. शिडाच्या मोठ्या लढाऊ जहाजाची समुद्रावर हीच गत होई. तोफा कितीही असोत, वारा नसला की त्याला वळताही येत नसे. कोकण किनाऱ्यावरच्या आंगऱ्यांची गलबतं नेमकी तीच घटका साधत.

इंग्रज या गलबतांना ‘गॅलिव्हॅट’ म्हणत. दोन डोलकाठ्या, चाळीस-पन्नास वल्ही, सहा-आठ लहान तोफा. सत्तर टनांपेक्षा जास्त भार वाहणारं गलबत विरळाच. आपल्या परंड्याच्या किल्ल्यातून विजापूरला गेलेली मुलूख-मैदान तोफ एकटीच पंचावन्न टनांची सांगतात. ती चढवली असती, तर गलबतात माणसांना जागा उरली नसती!

आता लढाई बघा. वारा पडलाय, परक्यांचं जहाज थबकलंय. त्याच्या तोफा दोन्ही कुशींना; पिछाडी जवळजवळ उघडी. गलबतं आंगऱ्यांच्याच मोठ्या लढाऊ नौकांना, म्हणजे गुराबांना, दोर बांधून, वल्हवत वल्हवत त्या पिछाडीकडे ओढून नेत. गुराबाच्या नाळेवरच्या दोन तोफा डोलकाठ्यांवर धडधडत. काठ्या कोसळूनही जहाज शरण आलं नाही, तर एकेका गलबतातून दोन-तीनशे माणसं तलवारी उपसून चहूबाजूंनी वर चढत. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म यानंच हे लिहून ठेवलंय.

आंगऱ्यांच्या आधी, १६७९ साली, शिवरायांनी खांदेरी बेटावर तटबंदी सुरू केली, तेव्हाही वल्हीच कामी आली. इंग्रजांनी वेढा घातला, पण वल्ह्यांच्या होड्या रात्रीच्या अंधारात रसद घेऊन बेटावर पोहोचतच राहिल्या.

वल्हं म्हणजे मागासलेपण, असं काही जण मानतात. मला ते अजिबात पटत नाही. तिकडे बाल्टिक समुद्रात स्वीडन आणि रशिया यांच्याकडे शिडांची मोठी आरमारं होती, तरी दोघांनी वल्ही सोडली नाहीत. फिनलंडचा किनारा म्हणजे हजारो खडकाळ बेटं नि उथळ पाणी. १७१४ साली तिथल्या गांगुतला वारा पडला आणि रशियाचा झार पीटर याच्या वल्हवत्या नौका स्वीडनच्या मोठ्या जहाजांना वळसा घालून निघून गेल्या. पुढे १७९० मध्ये स्वेन्स्कसुंडला स्वीडननं तसल्याच आरमाराच्या बळावर रशियाला हरवलं. आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी-भंडाऱ्यांनी आपलं पाणी जसं ओळखलं, तसंच त्यांनी त्यांचं.

पण आपल्या गलबतांचं बळ हालचालीला मोकळं पाणी असलं तरच होतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज आरमार विजयदुर्गावर चालून आलं, जमिनीवरून पेशव्यांची फौज त्यांच्या मदतीला. हे सांगताना आजही जड जातं. तुळाजी आंगऱ्यांचं आरमार खाडीत, किल्ल्याच्या आडोशाला दाटीनं नांगरलेलं. कंपनीकडूनच पूर्वी जिंकून आणलेल्या एका जहाजाला आधी आग लागली. तिथून ती शेजारच्या गुराबांवर गेली, आणि वल्ही पाण्यात पडण्याआधीच गलबतं पेटली.