गर्भिणीचे पान आणि प्लास्टिक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



आम्ही पडलो कलाशाखेचे पदवीधर, त्यातून सरकारी चाकर. रसायनशास्त्रावर बोलण्याचा आम्हांला अधिकार नाही. परंतु येथील उपाहारगृहांतून कढत सांबार पातळ पिशवीत बांधून आपल्या लेकीसुनांच्या पानात येते, म्हणून हे धाडस.

कडक, काचेसारख्या पारदर्शक अशा एका जातीच्या प्लास्टिकात बिस्फेनॉल-ए असते. बंगळूरात दारोदार येणारे पाण्याचे २० लिटरचे अनेक कॅन त्याच जातीचे. हे द्रव्य ईस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखे वागते, असे चार्ल्स डॉड्स या इंग्रज शास्त्रज्ञाने १९३६ सालीच दाखविले होते. प्लास्टिक त्यानंतरचे!

संप्रेरक, म्हणजे हार्मोन, हा शरीराचा हुकूम. गर्भाचा कोणता अवयव केव्हा घडावा, हे तो अत्यल्प मात्रेत ठरवितो. बिस्फेनॉल हा खोट्या सहीचा हुकूम होय. पेशी सही पडताळीत बसत नाहीत, तामिली करतात. प्लास्टिक मऊ करणारी काही थॅलेट्स तर पुरुषसंप्रेरकाचा खरा हुकूमच अडवितात. आपले अवयव कधीच घडून गेले. गर्भाचे त्याच दिवसांत घडत असतात.

मुंबईत परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत गाभण उंदरांच्या माद्यांना हे द्रव्य अत्यल्प मात्रेत पाजण्यात आले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात नर पिलांची शुक्रबीजे संख्येने व हालचालीने उणी आढळली. आणि तो दोष पणतवंडांपर्यंत उतरला.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवर असे प्रयोग करता येत नाहीत. गर्भवतींच्या लघवीत ही द्रव्ये मोजून मुलांची वाढ ताडून पाहावी लागते, आणि ते निष्कर्ष सर्वत्र जुळत नाहीत. तरीही २०१५ साली भारतीय मानक ब्यूरोने तान्ह्यांच्या दुधाच्या बाटल्यांतून बिस्फेनॉल-ए हद्दपार केले. जन्मलेल्या बाळाची बाटली निर्धोक, आणि पोटातल्या बाळाच्या आईचा डबा मात्र तसाच, ही विसंगती आम्हांला खटकते.

उष्णता आणि तेल यांनी ही द्रव्ये अधिक झिरपतात. सुदैवाने शरीरातून ती एकदोन दिवसांत निघून जातात, म्हणून सवय बदलल्याचा गुण लवकर येतो. गर्भिणीला भय मात्र घालू नये. कॅन बदलता येत नसेल तर तो उन्हात ठेवू नये, पाणी तोडू नये. सांबाराला स्टीलचा डबा न्यावा, लोणचे चिनी मातीच्या बरणीत राहावे.

पुढील महिन्यात याच सभागृहात डोहाळजेवण आहे. पाने केळीचीच आहेत. वाढपासाठी कोठीतील स्टीलची पातेली बाहेर काढावीत, असे कार्यवाहांना सांगून ठेवले आहे.